उत्तरपर्वांची कैफियत

अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित मंडळींत 'फॉर ऑल मॅनकाइंड' या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला म्हणजे अलीकडे एक ठरीव निकाल ऐकावयास मिळतो: पहिले पर्व अभ्यासपूर्ण परंतु संथ, दुसरे सर्वोत्कृष्ट, तिसऱ्यापासून मालिकेने इतिहासाची कास सोडून घरगुती रडारड पत्करली, आणि चौथ्यात मंगळावर मजुरांचा संप दाखवून तिने उरलेसुरले तेजही घालविले. त्याच्याही मागे, दोन भाग पाहून मालिका सोडून दिलेल्या गृहस्थांचा एक अधिक कठोर निकाल उभा असतो, तो असा की, जे घडलेच नाही त्याची चार चार पर्वे करण्यात आणि ती पाहण्यात शहाण्या माणसाने आपला वेळ का दवडावा? या दोन्ही निकालांवर मला अपील करावयाचे आहे, आणि ते वऱ्हाडात बसूनच करावयाचे आहे. कारण ज्या मुलखाचे धनी दूरच्या तहनाम्यांनी बदलत गेले आणि त्या प्रत्येक बदलाची झळ ज्याने आपल्या शेतसाऱ्यात, शाळेत आणि सोयरिकीत सोसली, त्या मुलखातील प्रेक्षकाने तरी असा निकाल इतक्या सहजासहजी देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी तिची हकीकत थोडक्यात सांगतो. रोनाल्ड मूर, मॅट वोल्पर्ट आणि बेन नेडिव्ही यांनी रचलेली ही मालिका १ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाली, आणि तिचा सारा डोलारा एका कल्पनेवर उभा आहे: सोव्हिएत अवकाशकार्याचा सूत्रधार सर्गेई कोरोलेव्ह, जो वस्तुतः १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी मरण पावला, तो त्या दिवशी जगला असता तर? मालिकेत तो जगतो. म्हणून १९६९ च्या जूनमध्ये, अमेरिकनांच्या काही आठवडे आधी, सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह चंद्रावर उतरतो. आणि हरलेली अमेरिका स्पर्धा सोडत नाही, म्हणून डिसेंबर १९७२ नंतर आपल्या जगात ज्या चंद्रावर मनुष्याचे पाऊल पडले नाही, त्या चंद्रावर तेथे वसाहत होते, स्त्रिया अंतराळवीर होतात, १९८३ मध्ये दोन्ही महासत्तांचे सशस्त्र लोक चंद्रभूमीवर समोरासमोर उभे ठाकतात, पुढल्या दशकात मंगळाची शर्यत लागते, आणि २००३ मध्ये मंगळावर खाण-कामगारांची चाळ वसलेली असते. प्रत्येक पर्व सुमारे दहा वर्षे ओलांडून पुढे जाते. ही दहा वर्षांची झेप हेच या मालिकेचे खरे धाडस, आणि प्रेक्षकांनी नेमका तोच तिचा अपराध ठरविला आहे.

आधी कठोर निकालाचा परामर्श घेऊ. 'जे घडले नाही त्याचा विचार व्यर्थ' हे म्हणणे नवीन नाही. ई. एच. कार या इंग्रज इतिहासकाराने १९६१ साली आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत असल्या 'जर-तर'ची बैठकीतला खेळ म्हणून वासलात लावली होती, आणि आपल्याकडचे इतिहासाचे अध्यापकही बहुधा त्याच सुरात बोलतात. परंतु कार यांच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे, ज्याने प्रत्यक्ष रणभूमीवर उभे राहून इतिहास घडविला अशा एका माणसाने वऱ्हाडातल्याच एका गावाविषयी 'जर-तर'ची भाषा वापरली होती, याचे विस्मरण होऊ नये. ते गाव म्हणजे अकोला जिल्ह्यातील, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूचे अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेवर चालून आली. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या आघाडीच्या सुमारे तीन पलटणी, ज्यांनी दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत त्याहून कितीतरी भयंकर तोफमारा छातीवर झेलला होता त्याच पलटणी, कोणासही कारण न उमगता फुटल्या आणि मागे पळत सुटल्या. सेनापती योगायोगाने जवळच होता. त्याने त्यांना अडविले, पुन्हा रांगेत उभे केले, आणि मग लढाई जिंकली. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले की, आपण तेथे नसतो तर तो दिवस आपण गमावला असता याविषयी आपली खात्री आहे. हे उद्गार कोणा कल्पनाविलासी कादंबरीकाराचे नव्हेत. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूस नेपोलियनला पराभूत करणाऱ्या पुरुषाचे ते आहेत.

त्या दिवसापासून अवघ्या पंधरवड्यात, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा बहुतेक वऱ्हाड रघूजी भोसल्यांच्या हातून सुटून निजामाच्या पदरी पडला. निजामाच्या पदरी पडला म्हणूनच पुढे १८५३ मध्ये, फौजेच्या थकलेल्या पगारापोटी, तो कंपनीच्या ताब्यात गहाण जाऊ शकला, आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात सालीना पंचवीस लाखांच्या मोबदल्यावर कायमचा पट्ट्याने दिला जाऊ शकला. तेव्हा अडगावच्या शिवारात तीन पलटणी पळाल्या आणि परतल्या, या अर्ध्या घटकेच्या मामल्यात अमरावती-अकोल्याच्या पुढील दीडशे वर्षांचे दफ्तर गुंतलेले होते. घडलेल्या गोष्टीचे वजन जोखावयाचे असेल तर न घडलेली गोष्ट दुसऱ्या पारड्यात टाकल्यावाचून गत्यंतर नाही; कारण ज्या घटनेऐवजी दुसरे काहीच घडू शकले नसते, तिला आपण वळण म्हणतच नाही. एवढ्यावरून तो कठोर निकाल रद्दबातल ठरावा.

हा साहित्यप्रकार मराठी वाचकास परकाही नाही. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा शेकडो मराठी घरांत वाचली गेली आहे, आणि तिचा इंग्रजी अवतार अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरच्या विद्यार्थ्यांपुढे गेला आहे. तीत पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकते, मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे एक प्राध्यापक काही काळ त्या दुसऱ्याच हिंदुस्थानात वावरून परत येतात. कथा उत्तमच आहे, आणि एका सूक्ष्म फरकाने सारे जग कसे फिरते हे विज्ञानाच्या आधाराने सांगण्याचे तिचे कौशल्य आजही ताजे आहे. परंतु लघुकथा वळण दाखवू शकते, वळणानंतरचे गाव दाखवू शकत नाही. गंगाधरपंत त्या जगात पाहुणे आहेत. त्या जगात जन्मलेल्या, तेथील शाळेत शिकलेल्या, तेथील कर्जात बुडालेल्या माणसास भेटण्याइतका अवकाश त्यांना नाही. तो अवकाश अनेक पर्वांच्या मालिकेलाच लाभतो, आणि तिने त्याचा उपयोग करू लागताच प्रेक्षक कुरकुरू लागतात, याचे मला वैषम्य वाटते.

प्रेक्षकांना काय आवडते तेही पाहावे. प्रत्येक नव्या पर्वाच्या आरंभी मधल्या वर्षांच्या बातम्यांची एक जलद चित्रमालिका येते: जॉन लेननवर हल्ला झाला परंतु तो वाचला, अमुक माणूस निवडून आला, तमुक पडला. हा भाग बहुतेकांच्या मते मालिकेतील सर्वात चतुर भाग. चतुर तो आहेच. परंतु लेनन जगला, ही केवळ वार्ता झाली. तो जगल्यामुळे कोणाच्या आयुष्याचा कोणता धागा कसा उसवला वा विणला गेला, हे ती चित्रमालिका सांगत नाही, सांगू शकत नाही. त्या बातम्यांतील फरक ओळखण्यात जो आनंद आहे तो कोडे सुटल्याचा आनंद आहे. गॅझेटाची पाने उलटून ज्याप्रमाणे राज्याभिषेकांच्या तारखा कळतात परंतु रयतेचे जिणे कळत नाही, त्याप्रमाणेच येथेही बदललेला इतिहास कळावा म्हणून ती पाने मिटून घरात शिरावे लागते.

आणि मालिका घरात शिरते ती कशी, हे आलेइदा रोसालेस या मुलीच्या कथेवरून पाहावे. पहिल्या पर्वात ती मेक्सिकोहून आलेली लहान मुलगी आहे. तिचा बाप ह्यूस्टनच्या अवकाशकेंद्रात झाडलोट करतो, आणि ती चंद्राकडे पाहून मनातल्या मनात गणिते मांडते. रशियनांनी चंद्र जिंकल्यामुळे अमेरिकेत संशयाचे वातावरण दाटलेले. केंद्रातील गुपिते कोण फोडतो याचा तपास सुरू होतो. आणि त्या तपासाचा फास अखेर आवळतो तो त्या निरपराध झाडूवाल्याच्या गळ्याभोवती, कारण त्याच्यापाशी देशात राहण्याचे कागद नाहीत. मुलीच्या बुद्धीची पारख असलेली मार्गो मॅडिसन ही अभियंता तिला आपल्या घरी ठेवून घेईल, अशी त्या बापाची आशा असते. मार्गो नकार देते. त्या नकारात क्रौर्य नाही. आपल्या कामापलीकडे दुसरे घरच नसलेल्या स्त्रीची ती घाबरगुंडी आहे. दहा वर्षांनी तीच आलेइदा, निराधार वाढलेली, स्वभावाने कडवट झालेली, त्याच मार्गोच्या हाताखाली अभियंता म्हणून रुजू होते. आणखी दहा वर्षांनी, आपल्या गुरुस्थानी असलेल्या याच स्त्रीने इंजिनाचे आराखडे रशियनांस दिले, हे तिला कळून चुकते. आणि त्यापुढल्या दशकात, जिला ती अवकाशकेंद्रातील स्फोटात मेली असे समजून आठवत राहिली ती मार्गो मॉस्कोत जिवंत आहे, हा शोध तिला सहन करावा लागतो. ही घरगुती रडारड आहे काय? कोरोलेव्ह जगला, म्हणून चंद्र रशियनांचा झाला, म्हणून संशय आला, म्हणून एका झाडूवाल्याची हद्दपारी झाली, म्हणून एक मुलगी पोरकी झाली, आणि त्या पोरकेपणाचा हिशेब चौथ्या पर्वापर्यंत चुकता होत नाही: इतकी सलग, इतकी निर्दय कारणपरंपरा गेल्या काही वर्षांत मी दुसऱ्या कोणत्याही मालिकेत पाहिलेली नाही. पहिल्या पर्वातील चंद्रारोहण दिमाखदार खरे. पण त्याचा अर्थ कळावयास तिसरे आणि चौथे पर्वच पाहावे लागते.

आता वऱ्हाडच्या प्रेक्षकास मी जो विशेष प्रश्न विचारू इच्छितो तो असा, की आपल्याला दुसऱ्या इतिहासाची कल्पना करण्याचीही गरज आहे काय? पैनगंगेच्या काठी उभे राहावे. नदीच्या अलीकडे वाशीम-पुसदचा वऱ्हाड, पलीकडे हिंगोली-नांदेडचा मराठवाडा. काळी माती तीच, पऱ्हाटी तीच, भाषा तीच, सोयरेसंबंधही गुंतलेले. हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग याने वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली; १८७६ मध्ये तो विलायतेस गेला तेव्हाही हाच मनसुबा त्याच्या मनात होता. त्याला यश आले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कादंबरीकाराकडे मागण्याचे कारण नाही. ते नदीपलीकडे प्रत्यक्ष घडलेले आहे. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे वऱ्हाडचे पुढारी त्याच्या सिद्धतेत झटले. उलट निजामाच्या मुलखात १९३८ मध्येही हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची स्थापना होण्याच्या सुमारासच बंदीचे फर्मान सुटले. अमरावतीस १९२३ पासून किंग एडवर्ड महाविद्यालय होते. पलीकडच्या मराठी मुलास उच्च शिक्षणासाठी १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी, तर तेथील माध्यम उर्दू. इंग्रजांचा अंमल हा कोणाचा उपकार नव्हता, आणि वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांसाठीच वाहून नेला गेला, हे मी विसरलेलो नाही. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत एकाच नदीच्या दोन तीरांवर एकाच समाजाचे दोन इतिहास नांदत होते, आणि त्यांतील फरक तहनाम्यांच्या कलमांत जितका दिसतो त्याहून अधिक स्पष्ट, कोणत्या घरातील मुलगा कोणत्या लिपीत आपले नाव लिहावयास शिकला, यात दिसतो. ज्यांच्या आजोळची माणसे त्या तीरावरची होती त्यांनी तरी, मालिका घरात शिरली म्हणजे इतिहासाबाहेर गेली, असे म्हणू नये.

मात्र मी वकीलपत्र घेतले म्हणून अशिलाचा प्रत्येक दोष झाकणार नाही. तिसऱ्या पर्वातील डॅनी स्टीव्हन्स या तरुणाच्या उपकथेने प्रेक्षक त्रासले, आणि त्यांचा त्रास पुष्कळ अंशी रास्त आहे. त्याचे आईबाप, गॉर्डो आणि ट्रेसी, दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस चंद्रतळावरील अणुभट्टी वाचविण्यासाठी, अंतराळपोशाख नसताना, अंगाभोवती चिकटपट्ट्यांची वेटोळी गुंडाळून उघड्या चंद्रभूमीवर धावले आणि मेले. तो प्रसंग ज्याने पाहिला तो विसरणार नाही. हुतात्म्यांचा मुलगा म्हणून त्यांच्या पुतळ्यांच्या सावलीत वाढावे लागणे, त्यांच्यावर निघालेला चित्रपट पाहावा लागणे, हे दुःख बदललेल्या इतिहासातूनच उपजलेले आहे, आणि लेखकांनी तेवढेच हाती धरले असते तर डॅनी हे मालिकेतील अत्यंत करुण पात्र झाले असते. त्याऐवजी त्यांनी त्याला त्याच्याच वडिलांच्या मित्राच्या पत्नीविषयीच्या आसक्तीत गुरफटविले, आणि ती आसक्ती कोरोलेव्ह जगला काय, मेला काय, कोणत्याही जगात उद्भवू शकली असती. दोष कौटुंबिकतेचा नाही. जे कौटुंबिक दुःख मूळ वळणाशी नाते सांगत नाही त्याला पर्वभर जागा दिली, हा दोष आहे. प्रेक्षकांनी हा भेद केला असता तर त्यांच्या आणि माझ्या मतांत फारसे अंतर उरले नसते. पण त्यांनी एका डॅनीच्या पापासाठी साऱ्या उत्तरपर्वांस शिक्षा फर्मावली.

मंगळावरच्या संपाची गोष्ट तर याहून वेगळी आहे, कारण तेथे मला प्रेक्षकांचे मुळीच पटत नाही. चौथ्या पर्वातील माइल्स डेल हा समुद्रातील तेलविहिरीवरचा कामगार. चंद्रावरून आणलेल्या हेलियमवर ऊर्जा निर्माण होऊ लागल्याने तेलाचा धंदा बसतो, त्याची रोजी जाते, संसार मोडकळीस येतो, आणि मोठ्या कमाईच्या आश्वासनांवर तो मंगळावर मजुरीस जातो. तेथे वरच्या मजल्यावर अधिकारी आणि शास्त्रज्ञ, खालच्या मजल्यावर हे लोक, आणि कबूल केलेली मिळकत हाती येत नाही. 'आम्ही अंतराळ पाहावयास आलो होतो, युनियनची भांडणे पाहावयास नव्हे', असे आमच्याकडील काही तरुण म्हणतात. परंतु चंद्रावरच्या विजयाचे बिल कोणी चुकते केले हे कोठेतरी दाखवावयास नको काय? असे दुसऱ्याच्या लढाईचे बिल वऱ्हाडानेही एकदा चुकते केले आहे.

बदललेल्या इतिहासाचा अमेरिकनांचा सर्वात आवडता विषय म्हणजे त्यांचे यादवी युद्ध. गेटिसबर्गच्या रणावर दक्षिणेचा सेनापती ली जिंकला असता तर काय झाले असते यावर १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनीही एक निबंध लिहिला. त्या निबंधात वऱ्हाड नाही. पण त्याच युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेचा कापूस विलायतेस जावयाचा थांबला म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला, पऱ्हाटीचे क्षेत्र वाढले, सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला. आणि युद्ध संपून अमेरिकन कापूस पुन्हा वाहू लागताच भाव कोसळले, ते मात्र कर्जाचे आकडे तसेच ठेवून. १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपुरापर्यंत पोहोचलेली आगगाडी याच कापसाच्या ओढीने आली होती. व्हर्जिनियात कोण हरले आणि कोण जिंकले याच्याशी अकोल्याच्या कुणब्याचा काडीचाही संबंध नव्हता, तरी त्याचे रान गहाण पडले. माइल्स डेल हा त्याच जातीचा मनुष्य आहे: ज्या वळणावर तो उपस्थित नव्हता, ज्याविषयी त्याचे मत कोणी विचारले नाही, त्या वळणाचा तो देणेकरी. त्याच्या संपात ज्यांना कंटाळा आला त्यांनी एकदा कापसाच्या हंगामात अकोल्याच्या बाजारात गाड्यांच्या रांगेत उभे राहून, दूरच्या कोणत्या बंदरातील तेजीमंदीने आजचा भाव ठरला, असे एखाद्या शेतकऱ्यास विचारावे, आणि मग चौथे पर्व पुन्हा पाहावे.

उद्या कोणी मराठी निर्माता धीर करून अडगावचीच मालिका काढील. वेलस्ली दूर राहिला, पलटणी परतल्या नाहीत, गाविलगड अभंग राहिला, अशी. पहिल्या पर्वात तोफा धडाडतील, मेळघाटच्या डोंगरांत घोडी दौडतील, आणि अमरावतीपासून पुण्यापर्यंत वाहवा होईल, याविषयी मला शंका नाही. माझे मागणे तिसऱ्या पर्वाविषयी आहे. ते १८७० च्या सुमाराचे असावे. त्यात भोसल्यांच्याच अंमलाखालच्या अकोटातील एखादे देशमुखाचे घर असावे, तेथल्या जमाबंदीचा दाखला कोणत्या शिक्क्याने निघतो ते दिसावे, मुलगा मोडीच शिकतो की आणखी काही ते दिसावे, कापसाची गाडी मुंबईच्या वाटेला लागते की नागपूरच्या ते दिसावे, आणि घरातील मुलगी पैनगंगेपलीकडे देताना तिच्या बापाला सरहद्दीवरच्या नाकेदारास काय सांगावे लागते, तो संवाद पुरता ऐकू यावा. त्या पर्वात तोफ एकही नसेल. पाहणारे थोडे होतील. तरी निर्मात्याने पहिल्या पर्वाच्या घोड्यांत आणि दारूगोळ्यात काटकसर करून हे पर्व काढावे, आणि ते निघाल्यावर मालिका घसरली असा शेरा मारण्याआधी आपल्या प्रेक्षकांनी ते शेवटच्या भागापर्यंत पाहावे.